आगीचे अर्थ

आग एकच, परंतु मराठीने तिला किती अर्थ दिले! चुलीत ती विस्तव, रानात वणवा, देवापुढे ज्योत. दोघांत हाडवैर असले, की त्यांच्यामधून विस्तव जात नाही. राग अनावर झाला, की तळपायाची आग मस्तकास जाते. पण सर्वांत दारुण आग पोटाची. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात, ती तिच्याचपायी. तेथे पाचटाच्या कोपीपुढे तीन दगडांची चूल पेटते आणि त्या आगीनेच पोटातील आग शमते. मात्र आईबापांबरोबर गेलेल्या मुलांची शाळा गावीच राहते. चूल रोज नव्याने पेटविता येते. विद्येची ज्योत एकदा मालवली, तर पुन्हा लावणे कठीण.