चांदनी चौकात पायी

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दिल्लीला गेलो. सोबत अम्मी होत्या. आठ वर्षांपूर्वी त्यांना फतेहपुरी मस्जिद दाखवायला निघालो होतो, तेव्हा लाल किल्ल्यासमोरून चांदनी चौकात शिरलो आणि मोटारी, रिक्षा, हातगाड्या यांच्या गर्दीत अम्मींनी आमचा हात घट्ट धरला. त्या अर्ध्या वाटेतूनच परत फिरल्या होत्या. आता तर त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. तरी म्हणाल्या, "राहिलेला रस्ता पुरा करू."

हा बाजार शहाजहानची कन्या जहाँआरा बेगम हिने 1650 च्या सुमारास वसवला. रस्त्याच्या मधून कालवा वाहत होता. चौकातल्या हौदात चांदणे उतरायचे, म्हणून चांदनी चौक, असे सांगतात. 1857 नंतर जहाँआराची सराय पाडली गेली आणि तिच्या जागी टाऊन हॉल उभा राहिला. पुढे याच रस्त्यावरून ट्राम धावली, तीही 1963 मध्ये बंद झाली. मग मोटारी आल्या आणि पायी चालणाऱ्याला जागाच उरली नाही.

सप्टेंबर 2021 मध्ये नव्याने बांधलेला रस्ता खुला झाला. लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंतच्या या सव्वा किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरात सकाळी 9 ते रात्री 9 मोटारींना बंदी आहे. सायकलरिक्षा मात्र चालतात. आम्ही अम्मींसाठी रिक्षा ठरवू लागलो, तर त्यांनी नकार दिला. थोडे चालायचे, थोडे टेकायचे, असे करत आम्ही निघालो. जैन लाल मंदिर, गौरीशंकर मंदिर, शीशगंज गुरुद्वारा, सुनहरी मस्जिद, सगळे एकाच ओळीत. पूर्वी यातले काहीच नजरेस पडले नव्हते. तेव्हा नजर फक्त चाकांवर होती.

सगळे आलबेल आहे असे नाही. दोन मोटारसायकली आमच्या अंगावरून गेल्याच. एक कापडवाला म्हणाला, "गाडीने येणारे जुने गिऱ्हाईक तुटले. माल उतरवायचा तर रात्री जागावे लागते." त्याचे म्हणणे खोटे कसे म्हणावे? रस्ता मोकळा करताना त्याच्या पोटाचाही विचार व्हायला हवा. आणि नियम लिहून भागत नाही, तो रोज पाळून घ्यावा लागतो.

जुहरच्या अजानला आम्ही फतेहपुरीच्या अंगणात पोहोचलो. अम्मी हौदाच्या काठी बसल्या, पाय चोळले आणि हसल्या.

परतीच्या गाडीत त्यांनी विचारले, "तुमच्या शाळेसमोरच्या रस्त्याचे काय?" आम्ही गप्प झालो. गेल्या वर्षी शाळा सुटताना आमच्या चौथीतल्या एका मुलीच्या पायावरून मोटारसायकल गेली. दोन महिने ती प्लास्टरमध्ये होती आणि आम्ही फक्त हळहळलो.

आता पालकांच्या सह्या गोळा करतो आहोत. मागणी मोठी नाही. शाळा भरताना अर्धा तास, सुटताना अर्धा तास रस्ता वाहनांना बंद ठेवावा, एवढीच. समोरच्या किराणा दुकानदाराला आधी भेटलो, त्याच्या टेम्पोची वेळ विचारून घेतली. अर्जावर पहिली सही अम्मींची आहे, उर्दूत.