वाडेकर हाराचे की डांबराचे? कन्हेरीच्या कट्ट्यावरची एक भांडाभांडी

भाऊबीजेच्या दुपारी वानखेडेवर भारत १२१ ला आऊट झाला आणि न्यूझीलंडनं आपल्याला आपल्याच घरात ३-० नं धुतलं. तीन कसोटींच्या मालिकेत घरच्या मैदानावर तिन्ही सामने हरण्याची ही पहिलीच वेळ. बंगळूरला ४६ वर खेळ खल्लास, मग आपल्या गहुंज्याला सँटनरच्या १३ विकेट, आणि शेवटी मुंबई.

संध्याकाळी कट्ट्यावर गेलो तर हाच विषय. सध्या आमच्या कट्ट्यावर एक अलिखित ठराव आहे, राजकारण काढायचं नाही. कारण बारामती-इंदापूरच्या लोकांना सांगायला नको. प्रचाराचा नारळ आमच्या कन्हेरीच्या मारुतीपुढं फुटतो हे सगळ्या राज्याला माहीत आहे. २०२४ ला पाडव्याच्या भेटीगाठीसुद्धा बारामतीत दोन ठिकाणी झाल्या. वरच्या घरात दोन वाटा झाल्या की खालच्या घरात चुली वेगळ्या व्हायला वेळ लागत नाही. आमच्या कट्ट्यावरचे दोन चुलतभाऊ महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत. चहा एकाच टपरीवर, पण तोंडं दोन दिशांना.

तर गुरुजी म्हणाले, "४६ झाले तेव्हाच मला ४२ आठवले. लॉर्ड्स, १९७४. कॅप्टन अजित वाडेकर."

झालं. वाडेकरांचं नाव निघालं आणि दोन तास कट्टा पेटला.

धाकटा भाऊ तिशीतला, एमआयडीसीत कामाला. तो म्हणाला, "ही फिरकीच्या आखाड्याची सवय कुणी लावली? वाडेकर मॅनेजर असतानाच लागली ना? घरी वाघ अन् बाहेर शेळी."

थोरला पन्नाशीचा, ऊस आणि गाई. तो भावाकडं न बघता मला म्हणाला, "त्याला सांग, १९९३ ला इंग्लंडला ३-० हाणलं तेव्हा हा लंगोटात होता."

मग मी मधला निरोप्या झालो.

नव्या पोरांसाठी थोडं सांगतो. वाडेकर १९९२ ते १९९६ भारतीय संघाचे मॅनेजर होते. आज ज्याला कोच म्हणतो तेच काम. कॅप्टन अझरुद्दीन. दक्षिण आफ्रिकेतून १-० नं हरून आले, अझरची कॅप्टन्सी जाते की राहते अशी वेळ होती. तेव्हा इंग्लंड आलं. वाडेकर-अझर जोडीनं तीन फिरकीवाले उतरवले, कुंबळे, राजू आणि चौहान. कलकत्त्यात अझरनं १८२ ठोकले, मुंबईत कांबळीनं २२४. कुंबळेला तीन कसोटींत २१ विकेट. इंग्लंड साफ.

थोरल्याचं म्हणणं असं, की हातात जे आहे त्यावर डाव मांडतो तो शहाणा. आपल्याकडं फिरकी होती, फिरकीवर खेळलो. जिरायतीत ऊस लावायला जात नाही कुणी.

धाकट्याचं उत्तरही खोटं नव्हतं. १९९३ च्या उन्हाळ्यात कोलंबोत जिंकलो, त्यानंतर परदेशात पुढची कसोटी जिंकायला २००० साल उजाडलं, तेही ढाक्यात. सात वर्षं! घरच्या विजयाची नशा चढली की बाहेरच्या खेळपट्टीची तयारी कोण करतंय? आणि २०२४ ला तर तोच आखाडा आपल्याच पायाखाली फिरला.

गुरुजींनी मग १९७१ काढलं. पतौडींना बाजूला करून वाडेकरांना कॅप्टन केलं, तेही निवड समितीच्या अध्यक्षांच्या, विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर. म्हणजे सुरुवातच वादात. किंग्स्टनला पहिला दिवस पावसानं गेला, सामना चार दिवसांचा झाला. फॉलोऑनसाठी लागणारी आघाडी २०० वरून १५० वर आली. आपल्याकडं १७० होती. वाडेकरांनी थेट वेस्ट इंडीजच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन सोबर्सला सांगितलं, परत बॅटिंगला या. आरडाओरडा नाही, छाती बडवणं नाही. नियम माहीत होता आणि तो वापरायची हिंमत होती. मालिका १-० नं आपली. त्याच उन्हाळ्यात ओव्हलवर इंग्लंडही हरवलं.

ओव्हलचा किस्सा तर गुरुजी दरवर्षी सांगतात. शेवटच्या दिवशी वाडेकर सकाळीच रनआऊट झाले, आत जाऊन झोपले, आणि जिंकल्यावर त्यांना उठवावं लागलं.

"बघा, एवढा भरवसा पोरांवर," थोरला.

"बेफिकिरी म्हणतात त्याला," धाकटा. "उद्या कारखान्याचा चेअरमन गळीत हंगामात झोपला तर चालंल का?"

कट्टा हसला. थोरलाही हसला, पण लगेच मिशीवरून हात फिरवून गप्प झाला.

आता माझं सांगतो. या वादात मीही आरोपी आहे.

१३ मार्च १९९६. माझं दहावीचं वर्ष. ईडन गार्डन्सवर श्रीलंकेशी वर्ल्डकपची सेमीफायनल. लाईट गेलेली, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडलेली. अंगणात पन्नास माणसं. टॉस जिंकून आपण फिल्डिंग घेतली. श्रीलंका २५१. आपण १ बाद ९८ वरून ८ बाद १२०. मग बाटल्या, जाळपोळ, सामना बंद, आणि कांबळी रडत आत. दुसऱ्या दिवशी आम्ही पोरांनी टीमचं पोस्टर चौकात जाळलं. काडी माझ्या हातात होती. मॅनेजर म्हणून कोपऱ्यात उभे असलेले वाडेकर पहिल्यांदा काळे झाले, एवढं स्पष्ट आठवतंय.

फिल्डिंग का घेतली हे त्या वयात कोण विचारतं? अकरा दिवस आधी दिल्लीत याच श्रीलंकेनं आपले २७१ आरामात पार केले होते, त्यामुळं त्यांना धावांचा पाठलाग करू द्यायची भीती होती. पुढं २०११ ला कांबळीनं त्या टॉसवर शंका काढली, तेव्हा वाडेकरांनी सांगितलं की निर्णय बैठकीत सगळ्यांनी मिळून घेतला होता. निर्णय चुकला. पण चुकलेला निर्णय आणि बेइमानी यात फरक असतो, तो मला काडी ओढताना कळत नव्हता.

१९७४ ला हेच झालेलं. इंग्लंडमध्ये तीनही कसोटी हरलो. लोकांनी वाडेकरांच्या घरावर दगड मारले. इंदूरला १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून उभारलेल्या काँक्रीटच्या बॅटला डांबर फासलं. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं आणि त्यांनी खेळणं सोडलं. लागोपाठ तीन मालिका जिंकून देणाऱ्या कॅप्टनचा हा निरोप.

दुसरा गुन्हा मी पत्रकार झाल्यावर केला. १५ ऑगस्ट २०१८ ला रात्री वाडेकर गेले. सोळाला पेपर नव्हता. सोळाच्या संध्याकाळी अटलजी गेले, सतराचा पेपर सगळा त्यांचा. माझा मोठा लेख आतल्या पानावर चार ओळींचा झाला. चिडून मी तो पूर्ण लेख इथं फेसबुकवर टाकला. भरपूर लाईक आले. गुरुजींनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "लेख चांगलाय. पण ४२ कुठंय? ईडन कुठंय? तू हार घातलास, हिशेब नाही मांडलास."

खरं होतं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणून मी दोन्ही पराभव गाळले होते. सोळाव्या वर्षी डांबर फासलं, अडतिसाव्या वर्षी हार घातला. माणूस दोन्ही वेळा माझ्या हातून निसटलाच.

आज विचाराल तर माझा हिशेब असा. ऑकलंड, मार्च १९९४. सिद्धूची मान धरली. सचिन म्हणाला मला ओपनिंगला जाऊ द्या. वनडेत तोवर त्याचं एकही शतक नव्हतं. वाडेकर आणि अझरनं होकार दिला. ४९ चेंडूंत ८२. पुढची अठरा वर्षं काय झालं ते जगानं पाहिलं. सचिन मोठा होताच, पण "जा" म्हणणारा कुणीतरी लागतो. कुंबळेलाही सलग संधी याच काळात मिळाली. ही जमेची बाजू. घरच्या आखाड्यावर विसंबून बाहेरची तयारी राहिली, ही खर्चाची. दोन्ही एकाच वहीत लिहायच्या. एक पान फाडलं की वही खोटी.

आणि हे फक्त क्रिकेटचं नाही, हे तुम्हालाही कळतंय. सोसायटी असो, दूध संघ असो, नाहीतर आणखी वरचं काही, आपण नेत्याला एक तर खांद्यावर घेतो नाहीतर तोंडाला काळं फासतो. जिंकलं की त्याच्यामुळं, हरलं की त्याच्यामुळं. त्यानं निर्णय कसा घेतला, कुणाला विचारून घेतला, आणि तो गेल्यावर मागं काय उरलं, हे विचारायला कुणाला सवड नाही. मग आपला नेता त्यांच्या नेत्यापेक्षा मोठा ठरवण्यात भाऊ भावाशी बोलायचा बंद होतो.

परवा साडेनऊला टपरीवाल्यानं भांडी विसळायला घेतली तेव्हा वाद मिटलेला नव्हता. पण एक गोष्ट मी बघितली. थोरला उठताना पहिल्यांदा थेट भावाकडं बघून म्हणाला, "आरं पण ऑकलंडचं काय?"

धाकटा म्हणाला, "दादा, ऑकलंड मान्य. पण ईडनचं तुम्ही सांगा."

तेवढंच. दोघं आपापल्या गाडीवर गेले. मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं, त्याचं काय व्हायचं ते झालं. पण महिन्याभरानं "दादा" ऐकू आलं, आणि ते वाडेकरांच्या निमित्तानं.

तुम्ही सांगा. वाडेकरांच्या वहीत तुम्ही काय लिहाल? दोन्ही बाजू लिहा. फक्त हार घालणाऱ्या आणि फक्त डांबर फासणाऱ्या कमेंट काढून टाकीन, आधीच सांगतो.