हातोडी

माझे वडील मनमाड स्टेशनात गाड्यांच्या चाकांवर हातोडी मारीत असत. गाडी फलाटाला लागली की ते खाली उतरत आणि डब्यामागून डबा चालत जात. ठण्, ठण्, ठण्. चाक धड असले की आवाज खणखणीत येतो. तडा गेला असेल तर बद्द येतो. त्या एका बद्द आवाजासाठी त्यांनी तीस वर्षे कान टवकारले. आईचा खोकला जरा वाढला की तिला दवाखान्यात नेऊन ते स्वतः रांगेत उभे राहत. त्यांच्या प्रकृतीची गोष्ट निघाली की मात्र, "मला काय धाड भरली आहे!" चोपन्नाव्या वर्षी एका पहाटे, जेवणाचा डबा हातात घेऊन ते उंबऱ्यातच बसले, ते पुन्हा उठले नाहीत. त्यांच्या छातीला डॉक्टरची नळी कधी लागली नव्हती.

हे सारे आठवायला निमित्त झाले एका गाडीचे. रुळावरच्या नव्हे, तपासणीच्या फिरत्या गाडीचे.

२०२२ साली सरकारने 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' हे अभियान काढले आणि अठरा वर्षांवरील बायकांची तपासणी झाली. १७ सप्टेंबर २०२३ पासून पुरुषांची पाळी आली. नाव भारदस्त: 'निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे'. त्याच सुमारास एके दिवशी धान्याच्या गुदामापाशी ही गाडी येऊन उभी राहिली, आणि हमालांना गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. आमच्या गावात चार माणसे जमवायची असली की आधी मास्तर आठवतो.

मी चांगले अर्धा तास बोललो. वर्गात बोलतो तसेच. एक म्हातारा हमाल तंबाखू मळीत म्हणाला, "गुर्जी, बायकोला धाडून देतो, तिला तपासा." सगळे हसले. मला राग आला. पण तो नंतर ओसरला. पन्नास किलोचे पोते, आणि मजुरी पोत्यावर. दवाखान्याची वेळ सकाळची, ट्रक रिकामा करायची वेळही तीच. दुखत नसलेल्या अंगासाठी कोण दिवस बुडवील? ती गाडी दुपारी, भाकरीच्या सुट्टीत आली होती, एवढीच तिची हुशारी. पण तीच मोठी.

तेवढ्यात कुणीतरी म्हणाले, "आधी तुम्ही बसा, गुर्जी."

आता आली का पंचाईत! बसलो. तरुण डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आणि काही न बोलता दहा मिनिटांनी पुन्हा बांधला. १७० आणि १०४. १४० आणि ९० च्या वर गेले की जास्त धरतात, हे मीच मघाशी सांगितले होते!

"डोके दुखते का सर?"

"नाही."

"चक्कर?"

"छे."

"बहुतेकांना काहीच होत नाही. म्हणून तर कळत नाही."

चाक निदान बद्द वाजते.

गुरुजीच सापडले ही बातमी गुदामभर पसरली आणि जे अर्ध्या तासाच्या व्याख्यानाने झाले नाही ते झाले. रांग लागली. तो म्हाताराही आला. तोंड उघडायला सांगितले, तर त्याच्या दातांमध्ये जेमतेम दोन बोटे शिरली. तीन तरी शिरायला हवीत. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण पुडी बंदीला विचारून थोडीच येते! त्याला मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली. ती त्याने सदऱ्याच्या खिशात घडी करून ठेवली.

मला खरी भीती त्या खिशाची वाटते. गाडी निघून जाते, सदरा धुण्यात जातो. सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले आहेत, हे खरे. पण रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची असते आणि गाडी एका दुपारची असते. पंधरा दिवसांनी मी त्या म्हाताऱ्याकडे गेलो. चिठ्ठी खिशातच होती. पुढच्या सोमवारी मी शाळेतून रजा घेतली आणि त्याला घेऊन नाशिकची गाडी पकडली. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. लासलगाव गेल्यावर मात्र त्याने विचारले,

"गुर्जी, सकाळची गोळी घेतली का?"

मी घेतली नव्हती.