चार पोतीं

माणगंगेच्या काठीं, सिद्धनाथाच्या म्हसवडांत आमचें घर. १९७२ च्या दुष्काळांत माजघरांत ज्वारीचीं चार पोतीं होतीं. भाव आणखी चढल्यावांचून तीं विकावयाचीं नाहींत, असा आमचा बेत होता, व त्यास आम्ही दूरदर्शीपणा म्हणत होतों. त्याच दिवसांत, मोठीं कोठारें बांधण्याचे मनोरथ रचणाऱ्या आणि त्याच रात्रीं बोलावणें आलेल्या धनिकाचा ख्रिस्तानें सांगितलेला दाखला वाचनांत आला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीं १९१७ सालीं मिशनचा पगार सोडला होता, हेंही आठवलें. सकाळीं तीन पोतीं शेजाऱ्यांस जुन्या भावानें दिलीं. फुकट देण्याचें धैर्य मात्र झालें नाहीं. लोभ गेला असें म्हणवत नाहीं. त्या दूरदर्शीपणाचें खरें नांव तेवढें कळलें.