चाळिशी उलटलेली देखणी

लग्नाचे जुने अल्बम बाहेर काढले, की आमच्या घरात हशा पिकतो. कुणाच्या शर्टाची कॉलर खांद्याला टेकलेली, कुणाच्या पँटची मोहरी रस्ता झाडत चाललेली, तर कुणाच्या ब्लाऊजच्या बाह्या फुग्यासारख्या टम्म! मात्र त्याच फोटोत इरकली लुगडं नेसून कडेला उभ्या असलेल्या सासूबाईंना कुणीही हसत नाही. पस्तीस वर्षं शिवणाचे वर्ग चालवल्यामुळे यामागचं कारण मला थोडंफार कळतं. नीट बेतलेला कपडा सहसा जुना दिसत नाही. जुनी दिसते ती त्याच्यावरची लेस, झालर आणि ते फुगे. (लुगड्याला तर कात्रीसुद्धा लागत नाही, ही गोष्ट वेगळी.)

मोटारीच्या बाबतीतही असंच असतं का, याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी येईल असं वाटलं नव्हतं. पण घरातल्या एका वादामुळे ती आली.

माझे थोरले दीर, ज्यांना सगळं घर आप्पा म्हणतं, त्यांच्याकडे १९९६ सालची पांढरी मर्सिडीज-बेंझ ई २२० आहे. ती त्यांनी २००३ मध्ये एका कारखानदाराकडून वापरलेली घेतली आणि लेकीसारखी सांभाळली. आता त्यांचं वय एकोणऐंशी. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आहे. गाडी मुलाकडे जाणार हे ठरलेलंच होतं, पण मुलाने अट घातली. पुढची जाळी काळी करायची, मोठी चाकं बसवायची, दिवे एलईडी करायचे, दारांखालच्या पट्ट्या काढून टाकायच्या आणि सगळ्या गाडीला राखाडी रंगाचं वेष्टण चढवायचं. "काकू, जरा आजची दिसायला नको का?" असा त्याचा प्रश्न. आप्पांचं उत्तर तेवढंच लहान होतं, "विकून टाक. पण तिला बहुरूपी करू नकोस."

बापलेकांचं बोलणं दोन आठवडे बंद होतं. शेवटी दोघांनीही माझं नाव सुचवलं. "काकूला कपड्याची पारख आहे, ती सांगेल ते खरं." मोटारीतलं मला काय कळणार? पण जाऊबाईंचा चेहरा बघवेना, म्हणून चार दिवस गाडीभोवती फिरले, पुस्तकं चाळली, जाणकारांना विचारलं.

पहिली गंमत ही कळली, की ही गाडी आपल्याकडे आली तेव्हाच जुनी होती! जाणकार तिला डब्ल्यू १२४ म्हणतात. जर्मनीत ती १९८४ च्या अखेरीस लोकांपुढे आली. आपल्याकडे मर्सिडीजची कंपनी १९९४ मध्ये स्थापन झाली आणि पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात १९९५ पासून या गाडीची जोडणी सुरू झाली. (पुणेकरांना मर्सिडीज हे नाव त्याआधीपासून माहीत होतं. १९५४ पासून पंधरा वर्षं टाटांचे ट्रक मर्सिडीज-बेंझच्याच सहकार्याने बनत आणि त्यांच्या नाकावर तो तारा असे.) नेमक्या त्याच १९९५ साली जर्मनीत हे मॉडेल मागे पडून चार लंबगोल डोळ्यांची नवी ई क्लास बाजारात आली. "तिकडचं उतरवलेलं आपल्या गळ्यात मारलं," असं तेव्हा बरेच जण म्हणत. शिवाय आपल्याकडे जिच्यासाठी लोक वळून बघत, ती तिकडे फिक्या हस्तिदंती रंगात टॅक्सी म्हणून स्टेशनाबाहेर रांगेत उभी असे.

आज मात्र मला उलटंच दिसतं. चार डोळ्यांची ती नंतरची गाडी पाहिली, की ती कोणत्या सालची असेल हे लगेच सांगता येतं. आप्पांची गाडी पाहून तसं चटकन सांगता येत नाही. नीटनेटकी, थोडीशी अबोल, एवढंच मनात येतं.

हे आपोआप झालेलं नाही. त्या काळी मर्सिडीजच्या आरेखन विभागाचे प्रमुख होते ब्रूनो साको. जन्माने इटालियन, उदिने गावचे. १९५८ मध्ये ते कंपनीत आले, १९७५ मध्ये विभागप्रमुख झाले आणि १९९९ पर्यंत त्या पदावर राहिले. २०२४ मध्ये ते वारले. त्यांचा एक नियम होता. नवी गाडी अशी असावी, की तिच्यामुळे आधीची गाडी एकाएकी म्हातारी दिसू नये. धंद्याच्या दृष्टीने हा नियम उफराटाच म्हणायचा! साडीचा कुठला दुकानदार गेल्या वर्षीची साडी जुनी वाटू नये म्हणून धडपडेल?

पण मला खरं पटलं ते गाडी जवळून पाहिल्यावर. तिच्यावर डौलासाठी म्हणून केलेलं असं फार थोडं आहे. मागचा भाग आत निमुळता होत जातो, तो वारा सुरळीत निघून जावा म्हणून. हवेचा अडथळा मोजण्याचा जो अंक असतो, तो या गाडीचा सुमारे ०.२९ होता आणि चाळीस वर्षांपूर्वी एवढ्या ऐसपैस गाडीसाठी तो फारच कमी होता. डिकीचं झाकण थेट बंपरपर्यंत खाली येतं, म्हणजे जड सामान उंच उचलून आत टाकावं लागत नाही. आमच्या गौरींचं मखर आणि पितळी समया वर्षानुवर्षं याच डिकीतून गेल्या, आणि जाऊबाईंच्या कंबरेने कधी तक्रार केली नाही.

मागच्या तांबड्या दिव्यांवर आडव्या खाचा आहेत. मी आजवर त्यांना नक्षी समजत होते. पण चिखल उडतो तो वर आलेल्या कडांवर बसतो, खोलगट भाग स्वच्छ राहतो आणि मागच्या गाडीवाल्याला दिवा दिसत राहतो. मर्सिडीजने हे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच केलेलं होतं. आपल्या श्रावणात खंडाळ्याचा घाट उतरताना याची किंमत कळते.

आणि वायपर! काचेवर एकच आहे. तोसुद्धा नुसता गोल फिरत नाही. कोपऱ्याकडे जाताना त्याचा हात लांब होतो, मध्यावर येताना आखडतो. त्यामुळे एकट्याने तो काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. गाडीचा चेहरा जो शांत वाटतो, त्यात या एकट्या वायपरचाही वाटा आहे, असं माझं मत आहे. कपाळावर एकच टिकली असावी तसं.

आप्पांच्या बाजूने एवढं सगळं सापडल्यावर ते खूश झाले, पण सगळंच त्यांच्या मनासारखं निघालं नाही. दारांच्या खालच्या अर्ध्या भागावरच्या ज्या रुंद पट्ट्या पुतण्याला काढायच्या आहेत, त्या मूळ गाडीत नव्हत्याच. १९८९ मध्ये गाडीला नवा हात फिरवला तेव्हा त्या आल्या. जर्मनीत लोकांनी त्यांना गमतीने 'साकोच्या फळ्या' असं नाव ठेवलं. मलाही गाडीत कुठे साल दिसत असेल तर तिथेच दिसतं. ती साडीला नंतर लावलेली फॉल आहे, आणि ती सुद्धा बाहेरून! शेजारच्या गाडीचं दार आपटलं तर पत्र्याला पोचा येऊ नये, हा त्यांचा उपयोग खरा. पण डोळ्याला त्या खुपतात.

गाडीच्या आत बसलं, की वय आणखी कळतं. सुकाणूचं चाक टोपल्याएवढं, पार्किंगचा ब्रेक पायाने दाबायचा, समोर कडक, काळं प्लास्टिक. हात लावला की भक्कम वाटतं, पण ज्याला देखणं म्हणतात ते हे नव्हे. आप्पांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "घड्याळ बघ की केवढं मोठं आहे!" घड्याळ खरंच मोठं आहे.

खिडक्यांबद्दल मात्र मी आप्पांच्या बाजूची. काचा मोठ्या, त्यांच्या मधले खांब बारीक. मागे बसलेल्या नातवंडांना बाहेरचं सगळं दिसतं. हल्लीच्या गाड्यांत दारं उंच आणि काचा अरुंद झाल्या आहेत, मुलं विहिरीत बसल्यासारखी बसतात. पण यामागे केवळ फॅशन नाही, हेही पुतण्याने मला दाखवून दिलं. बाजूने धडक बसली तर आतल्या माणसाला वाचवायचं, पादचारी आदळला तर बॉनेटखाली मोकळी जागा हवी, अशा नियमांनी गाड्यांची अंगं फुगली आहेत. बारीक खांबांची ती नजाकत आता परवडणारी नाही, आणि मी नातवंडांची आजी म्हणून तिच्यासाठी हट्टही धरणार नाही. एक गोष्ट मात्र नोंदवावीशी वाटते. आप्पांची गाडी १.७४ मीटर रुंद आहे. आजची होंडा सिटीही रुंदीला जवळपास तेवढीच. म्हणजे त्या काळची ही बडी गाडी सदाशिव पेठेतल्या बोळात आजही शिरते. भारतात २०१७ पासून विकली जाणारी लांब ई क्लास पाच मीटरहून मोठी आहे. ती त्या बोळात कशी वळवायची ते चालवणाऱ्यालाच माहीत.

या मॉडेलचाच एक पैलवान भाऊही आहे. १९९० च्या सुमारास जर्मनीत या गाडीत पाच लिटरचं इंजिन बसवून ५०० ई नावाची गाडी काढली. तिची बरीचशी जोडणी पोर्शेच्या कारखान्यात होई. इतकी ताकद अंगात घालूनही बाहेरून तिचे फक्त चाकांवरचे पत्रे किंचित फुगवले. पुतण्याला मी त्या गाडीचं चित्र दाखवलं. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "हिला काळी जाळी नाही."

"नाही," मी म्हटलं.

माझा कौल मी दोघांना एकत्र बसवून सांगितला. जाळी, दिवे आणि वायपर यांना हात लावायचा नाही. वेष्टण नको. रंग बदलला तर नोंदणीपत्रावर तशी नोंद करून घ्यावी लागते, हे पुतण्याच्या लक्षातच नव्हतं. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, त्यात ही आणखी एक खेप कशाला? आत बसायच्या सीटना नवी कापडं घालायला माझी हरकत नाही, ती मी स्वतः बेतून देईन. पट्ट्यांचं तुम्ही दोघं बघा.

आप्पा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि रेडिएटरजवळच्या पत्र्याच्या पट्टीवरचा मूळ रंगाचा क्रमांक पुतण्याला वाचून दाखवला. त्याने तो मोबाइलमध्ये टिपून घेतला. गेल्या आठवड्यात रंगाऱ्याकडे जाताना आप्पाही बरोबर गेले, मागच्या सीटवर बसून. पट्ट्या अजून आहेत. मोठ्या चाकांचा विषय निघाला, की आप्पांना ऐकू येईनासं होतं.