त्यांना कुणी विचारलं नाही

नोव्हेंबर १९७६, आणीबाणीचा काळ. हरियाणाच्या मेवात पट्ट्यातलं उटावड गाव. पहाटेच्या अंधारात पोलिसांनी गावाला वेढा घातला आणि लाउडस्पीकरवरून हुकूम सुटला: पंधरा वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांनी बाहेर या. पंधरा वर्षांवरच्या! मिसरूड न फुटलेली पोरं त्यात आली, नातवंडं खेळवणारे आजेही आले. काही जण शेतांत पळाले. बाकीच्यांना गाड्यांत भरून नेलं आणि कितीकांना नसबंदी करूनच परत धाडलं.

त्या एका वर्षात देशभरात ऐंशी लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. नसबंदीनंतरच्या १,७७४ मृत्यूंची नोंद आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे आली. सरकारी भाषेत ही माणसं नव्हतीच, ‘केसेस’ होत्या. गुरुजींनी केसेस आणायच्या, तलाठ्यानं आणायच्या, नाहीतर पगार अडणार. काल ज्या ओट्यावर बसून पोरांचे पाढे घेतले, त्याच ओट्यावर गुरुजी आज त्या पोरांच्या बापाला गळ घालत बसलेले. हातात छापील फॉर्म, बाजूला अंगठ्यासाठी शाईचं पॅड. मला त्या गुरुजींचंही वाईट वाटतं.

आणि आपला महाराष्ट्र? त्याच वर्षी आपल्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून ते कागदावरच राहिलं. इथेच र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. त्यापायी प्राध्यापकी गेली, पुढे अश्लीलतेचे खटले भरले गेले, तरी हा माणूस आयुष्यभर समजावत राहिला. त्यांच्या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी बाईची मर्जी होती. सरकारला मात्र समजावायला वेळ नव्हता.

काळजी खोटी नव्हती, हे मी मानतो. बहात्तरच्या दुष्काळात मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्लेल्यांना खाणारी तोंडं मोजण्याचा अर्थ कुणी शिकवायला नको. पण खरी कळकळ असती तर आधी दवाखाना आला असता, पोरींची शाळा आली असती. केरळात हे दोन्ही आलं आणि पोलिसांवाचून पाळणे लांबले.

बळजबरीनं पुरुषांच्या मनात जी धास्ती बसली, ती निघालीच नाही. मग आकडे भरायला बायका उरल्या. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. पुरुषाचं ऑपरेशन जास्त सोपं, कमी जोखमीचं, तरीही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात, बिलासपूरजवळच्या एका बंद पडलेल्या दवाखान्यात सरकारी शिबिर भरलं. एकाच डॉक्टरनं काही तासांत ८३ जणींची ऑपरेशनं उरकली. दर बाईला सहाशे रुपये. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर १३ जणी दगावल्या. कुणी दंडाला धरून आणलं नव्हतं त्यांना, पण पुरता विचार करायला, नाही म्हणायला, घरी जाऊन नवऱ्याला ‘तुम्ही करून घ्या’ असं सांगायला त्यांना वाव तरी कुठे ठेवला होता? त्यांच्या मरणाला अपघात म्हणायला माझी जीभ वळत नाही.