न बोलणारी चूक

पाणीपुरवठ्याचे संगणकीय प्रारूप एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना पडद्यावर त्रुटींची यादी उमटली, की विद्यार्थी धास्तावतात. खरी धास्ती वाटावी ती यादी कोरी आल्यावर.

दिल्लीतील एका वसाहतीच्या जलवाहिन्यांचे प्रारूप एक संशोधक विद्यार्थिनी ‘ईपीएनेट’मध्ये आणत होती. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेले हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. पहिली तक्रार आली क्रमांक २३३ ची : एक जोडबिंदू कुठल्याच नळाला जोडलेला नाही. मग २१९ : नियंत्रक झडप थेट टाकीला जोडली आहे. मध्ये नळाचा लहानसा तुकडा घालताच ती मिटली.

पुढे दाब उणे येऊ लागले. हेझन-विल्यम्स सूत्रातला १३० हा गुणांक डार्सी-वाइसबाख सूत्राने मिलिमीटरमधला खडबडीतपणा म्हणून वाचला होता. २०० मिलिमीटर व्यासाच्या नळात १३० मिलिमीटरचे उंचवटे! सेकंदाला २० लिटर प्रवाह असता किलोमीटरमागे सुमारे २.४ मीटर अपेक्षित असलेला दाबऱ्हास ४५ मीटरवर गेला. ही चूकही निदान ओरडून सांगत होती.

अखेर सारे सुरळीत चालले. एकही इशारा नाही, शेवटच्या घरापाशी १२ मीटर दाब. दुमजली घरांसाठी १९९९ च्या भारतीय मार्गदर्शिकेला हवा होता तेवढाच.

तरीही तिने एकूण मागणी हाताने मोजली. वसाहतीला हवे होते रोज २ एमजीडी, म्हणजे ९.०९ दशलक्ष लिटर. प्रारूपात निघाले ७.५७. दिल्लीचा गॅलन ब्रिटिश, ४.५४६ लिटरचा, ईपीएनेटमधील ‘एमजीडी’चा गॅलन अमेरिकी, ३.७८५ लिटरचा. ब्रिटिश गॅलनसाठी तिथे ‘आयएमजीडी’ हे वेगळे एकक आहे. एका अक्षराने मागणी १७ टक्क्यांनी घटली होती.

दाबऱ्हास प्रवाहाच्या १.८५२ व्या घाताने बदलतो. म्हणून कागदावरचा १४ मीटर ऱ्हास प्रत्यक्षात २० मीटरच्या घरात जाणार होता आणि शेवटच्या घराचा दाब १२ वरून ६ मीटरवर येणार होता. वरच्या मजल्यावरच्या नळाला पुरेसा दाब मिळाला नसता.

या साऱ्या काळात भौतिकीचा एकही नियम मोडला नव्हता. प्रत्येक जोडबिंदूवर वस्तुमान जुळत होते, प्रत्येक वळशात ऊर्जाही. अक्षय्यतेचे नियम चुकीच्या आकड्यांनाही तितक्याच निष्ठेने लागू होतात. गणित सुटले याचा अर्थ एवढाच, की दिलेले आकडे परस्परांशी सुसंगत आहेत. ते खरे आहेत की नाहीत, हे गणिताला ठाऊक नसते.

म्हणून प्रारूप हलवल्यावर तीन गोष्टी हाताने पडताळाव्यात : एकूण मागणी, नळांची एकूण लांबी आणि कोणत्याही एका नळाचा दाबऱ्हास. अर्ध्या तासाचे काम आहे. ते टाळल्याची किंमत मात्र वाहिनीच्या टोकाशी, हंडा घेऊन उभे असलेले कुणीतरी मोजते.